संघ हरू लागला की जबाबदारी कुणाची, हे कसे ठरवावे

फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा या आपल्या फुटबॉल क्लबाचा पराभव झाला की प्रेक्षक फाटकाबाहेर पडण्याआधीच त्यांचा निवाडा तयार असतो. कुणी म्हणतो प्रशिक्षकाला घरी पाठवा, कुणी म्हणतो मालकांनी हात आखडता घेतला, कुणी गोलरक्षकाच्या नावाने बोटे मोडतो, आणि मडगावहून फोंड्याकडे परतताना बोरीचा पूल येईपर्यंत एकाच गाडीतले चार जण चार वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यावर खापर फोडून मोकळे झालेले असतात. साळगावकर आणि धेंपो या गोव्यातल्या जुन्या क्लबांच्या लढती पाहत मी मोठा झालो आणि अशा वादांत अनेक वर्षे तावातावाने बोललो. हा वाद बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही, कारण माणसे भांडतात ती संघ आपला वाटतो म्हणूनच. मात्र वाद घालण्याची एक रीत आहे. चूक घडली तेव्हा चेंडूजवळ जो दिसला त्याला दोषी धरण्याऐवजी, त्या चुकीमागचा निर्णय ज्याच्या हातात होता त्याच्यापर्यंत पोहोचावे, एवढेच तिचे सार आहे. तिथपर्यंत कसे पोहोचावे ते पुढे सांगतो.

घसरण नेमकी कधीपासून, हे आधी ठरवावे

‘कोण’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘कधीपासून’ हा प्रश्न सोडवावा. लागोपाठ दोन सामने हरणे म्हणजे घसरण नव्हे. गुणतक्त्यातल्या पहिल्या दोन संघांशी परक्या मैदानावर खेळून दोन्ही सामने गमावले असतील, तर त्यात अघटित असे काहीच नाही. निदान सहा सामने समोर ठेवावेत, प्रतिस्पर्धी कोण होते, सामने घरी होते की बाहेर, दोन सामन्यांत विश्रांतीचे दिवस किती मिळाले, हे लिहून काढावे आणि मगच ‘संघ बिघडला’ असे म्हणावे.

घसरणीची सुरुवात बहुधा आपल्याला जाणवते त्याच्या बरीच आधी झालेली असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण मला 2021 सालात सापडते. त्या वर्षी 3 ऑक्टोबरला एफसी गोवाने कोलकात्यात महमेडन स्पोर्टिंगला 1-0 असे हरवून ड्युरँड करंडक जिंकला, तेव्हा आपण सगळे आनंदात होतो. नोव्हेंबरमध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही देशातली मुख्य साखळी सुरू झाली आणि हाच संघ पहिले तिन्ही सामने हरला. करंडक जिंकलेला संघ दीड-दोन महिन्यांत कसा काय बिघडला, असे जो तो विचारू लागला. खरे तर तो करंडक जिंकण्यापूर्वीच एक मोठी गोष्ट घडून गेली होती. आदल्या हंगामात 14 गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा आघाडीपटू इगोर आंगुलो आपला संघ सोडून मुंबई सिटीकडे गेला होता. नव्या हंगामातल्या सलामीच्या लढतीत मुंबईने आपल्याला 3-0 असे हरवले, त्यांतले दोन गोल आंगुलोचेच होते. ड्युरँडमध्ये काही आयएसएल संघ तरुण खेळाडूंनिशी उतरल्यामुळे आघाडीतली ती उणीव झाकली गेली, एवढेच. म्हणजे घसरणीची तारीख नोव्हेंबरमधली नसून खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या दिवसांतली होती, आणि तारीख बदलली की जबाबदार माणूसही बदलतो.

त्या हंगामाचा पुढचा भागही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डिसेंबरमध्ये प्रशिक्षक हुआन फेरांडो हंगाम अर्ध्यावर टाकून एटीके मोहन बागानकडे गेले, डेरिक परेरा यांनी सूत्रे हाती घेतली आणि अकरा संघांच्या स्पर्धेत आपण नववे आलो. 20 सामन्यांत 19 गुण. त्या वेळी केवळ परेरांना बोल लावणाऱ्यांनी, त्यांच्या हाती जो संघ आला त्यात त्यांनी स्वतः निवडलेले खेळाडू किती होते, हे आधी पाहायला हवे होते. दुसऱ्याने पेरलेल्या शेतात कापणीला उभ्या राहिलेल्या माणसाला पीक कमी का आले, हे विचारण्यात फारसा अर्थ नसतो.

गोल कुठून गेला याची नोंद ठेवावी

संघ हरतो तो दोनच कारणांनी: आपले गोल होत नाहीत किंवा प्रतिस्पर्ध्याचे जास्त होतात. हे सांगायला नको असे वाटेल, पण वादाला बसलेल्या दहांपैकी आठ जण यांतले कोणते कारण आहे हे न पाहताच बोलतात. म्हणून एक साधी वही करावी. प्रत्येक गोलासाठी एक ओळ पुरते: मिनिट, गोल खुल्या खेळातून झाला की कॉर्नर किंवा फ्री किकवर, चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आणि कुणाकडून गेला, आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत बदली खेळाडू आला होता का.

आठ-दहा सामन्यांनंतर ही वही आपोआप बोलू लागते. गोल शेवटच्या वीस मिनिटांत जात असतील तर प्रश्न दमसासाचा किंवा बदली खेळाडूंचा आहे. हल्ली पाच खेळाडू बदलता येतात, मात्र मध्यंतर वगळता खेळ चालू असताना त्यासाठी तीनच संधी असतात, आणि त्या संधी केव्हा वापरल्या हे आपल्याला गॅलरीतूनही टिपता येते. गोल सातत्याने कॉर्नरवर जात असतील तर सरावाचा प्रश्न आहे. चेंडू सारखा मधल्या फळीत गमावला जात असेल, तर बचावपटूंना शिव्या देऊन काही हाती लागणार नाही, कारण प्रतिस्पर्धी त्यांच्या अंगावर येतात तेव्हा त्यांना उभे राहायलाही वेळ मिळालेला नसतो.

गोल होत नसतील तेव्हा मात्र एक काळजी घ्यावी. संधी निर्माण होऊन त्या वाया जात आहेत की मुळात संधीच निर्माण होत नाहीत, हे वेगळे काढावे. यासाठी आता ‘अपेक्षित गोल’ हा आकडा वापरतात: फटका कुठून, कसा मारला गेला यावरून तो गोल होण्याची शक्यता किती, याचा तो हिशेब असतो. पेनल्टीची किंमत या हिशेबात पाऊण गोलाच्या किंचित वर धरतात, तर तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याची अगदी नगण्य. हा आकडा हाताशी नसला तरी गोलखांबांसमोरच्या मोकळ्या संधी प्रत्येक सामन्यात किती आल्या, हे मोजता येतेच. संधी भरपूर येत असून गोल होत नसतील, तर आघाडीपटूचे दिवस वाईट चालले आहेत आणि ते पालटण्याची शक्यता बरीच असते. संधीच येत नसतील, तर आघाडीपटूवर चिडणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे आहे.

ही वहीची सवय मला माझ्या मामांनी लावली. मामा तरुणपणी आमच्या गावच्या क्लबाकडून बचावफळीच्या मधोमध खेळत. काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातल्या एका स्पर्धेत आमचा क्लब 78व्या मिनिटाला कॉर्नरवर झालेल्या एकमेव गोलाने हरला. आमचा गोलरक्षक चेंडू ठोसा मारून दूर करण्यासाठी पुढे आला, चेंडू त्याच्या मुठीवरून गेला आणि मागच्या खांबाजवळच्या खेळाडूने तो डोक्याने आत ढकलला. सामना संपल्यावर आम्ही सात-आठ जण हॉटेलात भाजी-पाव खात त्या गोलरक्षकाची सालटी काढत होतो. मामांनी पाव बांधून आलेला कागद टेबलावर पसरला, त्याचे तेलकट कोपरे पेल्यांनी दाबले, बॉलपेनने गोलखांब आणि पेटी काढली आणि म्हणाले, “गोल कुणी खाल्ला ते राहू दे. तो मागच्या खांबाचा माणूस कुणाचा होता, तेवढे सांगा.”

आम्ही एकेक करून फुल्या मारू लागलो. कुणाला डाव्या बगलेचा खेळाडू आठवत होता, कुणाला पहिल्या खांबाशी उभा असलेला. फुल्या भरत गेल्या तरी मागच्या खांबाजवळची जागा रिकामीच राहिली. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की आधीच्या चारही कॉर्नरना तिथे आमचा उंच मधला खेळाडू उभा होता आणि त्याला 76व्या मिनिटाला बाहेर बोलावले होते. त्याच्या जागी आलेला ठेंगणा पोरगा बगलेवर खेळणारा. तो आपल्या सवयीने पेटीबाहेर, सुटलेला चेंडू मिळवायला उभा राहिला. मागचा माणूस मोकळा आहे हे गोलरक्षकाला दिसले, म्हणूनच तो नको तेव्हा पुढे धावला. त्याचा अंदाज चुकला हे खरेच, पण त्या चुकीआधी दोन चुका होऊन गेल्या होत्या: खेळाडू बदलताना ‘तुझा माणूस कोण’ हे त्या पोराला कुणी सांगितले नाही, आणि कॉर्नर मिळाल्यावर कर्णधाराने माणसे मोजली नाहीत. तो कागद मामांनी घडी घालून खिशात ठेवला. आम्ही अर्धा तास ज्याचा उद्धार करत होतो तो गोलरक्षक दोषींच्या यादीत तिसरा निघाला होता.

निर्णय कुणाचा होता आणि त्या दिवशी काय ठाऊक होते

नोंद हाती आली की प्रत्येक गोष्टीसमोर निर्णय घेणाऱ्याचे नाव लिहावे. एखाद्या फटक्याचा, पासचा, आततायी टॅकलचा निर्णय खेळाडूचा. अकरा जण कोण, कोणत्या रचनेत, बदल केव्हा, हे प्रशिक्षकाचे. कोणते खेळाडू घ्यायचे, कोणते सोडायचे, त्यासाठी किती पैसा आणि प्रशिक्षकाला किती मुदत द्यायची, हे व्यवस्थापनाचे. स्पर्धा किती महिन्यांची, परदेशी किती, हे आयोजक आणि भारतीय फुटबॉल महासंघाचे. आयएसएलमध्ये 2021-22 पासून एका वेळी मैदानात चारच परदेशी खेळाडू ठेवण्याचा नियम आला, त्याआधी पाच असत, आणि ज्या संघांचा कणाच परदेशी होता त्यांना या बदलाची झळ अधिक बसणे स्वाभाविक होते. म्हणून एका सामन्याबद्दल बोलताना खेळाडू आणि प्रशिक्षकांकडे पाहावे, पण घसरण सबंध हंगामभर चालली असेल तर नजर व्यवस्थापनाकडे गेलीच पाहिजे.

प्रशिक्षक चांगला की वाईट, या एकाच प्रश्नावर सारा वाद नेऊ नये. प्रशिक्षक झिको यांच्याच हाताखाली एफसी गोवा 2015 साली अंतिम फेरीत पोहोचला आणि फातोर्ड्यावर चेन्नईयनकडून 3-2 असा हरला. ती संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांना अजून सलते. पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, त्याच झिको यांचा संघ आठ संघांत शेवटचा आला. एका वर्षात झिको फुटबॉल विसरले, असे कुणीही म्हणणार नाही. तेव्हा साखळीत 14 सामने असत आणि ते अवघ्या दोन महिन्यांच्या आसपास संपत. सुरुवात वाईट झाली तर डाव सावरायला वेळच मिळत नसे. माणूस तोच असून निकाल उलटा लागतो तेव्हा कारण त्या माणसाबाहेर शोधावे.

सर्वांत अवघड भाग आहे तो निर्णय आणि त्याचे फळ यांना वेगळे ठेवण्याचा. 2020 च्या जानेवारीअखेरीस, संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना, व्यवस्थापनाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. साखळीतले तीनच सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडा यांनी संघ सांभाळला, 19 फेब्रुवारीला जमशेदपूरला 5-0 असे नमवून आपण साखळी विजेतेपदाची ढाल पहिल्यांदाच पटकावली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. त्या दिवशी लोबेरांना काढण्याचा निर्णय योग्य वाटला. नंतर उपांत्य फेरीत चेन्नईयनकडून पहिली लढत 4-1 अशी गमावली, परतीची 4-2 अशी जिंकूनही गोलांच्या बेरजेत 6-5 असे हरलो आणि तोच निर्णय घोडचूक ठरला. पुढे लोबेरा मुंबई सिटीत गेले, आपल्याकडचे ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि आपला मंदार राव देसाई हेही तिकडे खेळू लागले, 2020-21 मध्ये मुंबईने ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले आणि वाटेत उपांत्य फेरीत आपल्यालाच पेनल्टींवर हरवले. एका निर्णयाला तीन वेळा तीन वेगवेगळे रंग चढले.

अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: निर्णय घेतला त्या दिवशी निर्णय घेणाऱ्याला काय ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते? माझे मत विचाराल तर, ढाल आणि उपांत्य फेरी या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवूनही, आघाडीवरच्या संघाचा प्रशिक्षक तीन सामने उरले असताना काढणे मला पटले नव्हते, कारण प्रशिक्षकाबरोबर त्याच्यावर भरवसा ठेवून आलेले खेळाडूही जातील, ही शक्यता त्याच दिवशी समोर होती. माझ्या फोंड्यातल्या चुलतभावाचे मत अगदी उलट आहे आणि त्याचा मुद्दाही कच्चा नाही: ड्रेसिंग रूममध्ये काय चालले आहे हे व्यवस्थापनालाच दिसते, आपल्याला दिसत नाही. असा मतभेद राहिला तरी चालेल. दोघेही एकाच निर्णयाबद्दल बोलत आहेत, हे महत्त्वाचे.

पंचांबद्दल आणि जुन्या क्लबांबद्दल

पंचांबद्दल थोडक्यात सांगतो. एखादा सामना पंचांच्या चुकीने जाऊ शकतो, विशेषतः व्हिडिओ साहाय्यक पंच नसलेल्या स्पर्धेत. पण अख्खा हंगाम पंचांमुळे गेला असे म्हणायचे असेल तर आपल्या बाजूने गेलेले चुकीचे निर्णयही त्याच वहीत, त्याच शाईने लिहिलेले असावेत.

जुन्या क्लबांचा विषय मात्र दोन वाक्यांत आटोपणारा नाही. वादाला बसलेल्यांत कुणीतरी वडीलधारे असतातच, जे म्हणतात की साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाने आय-लीग ही राष्ट्रीय साखळी सोडली तेव्हाच गोव्याचे फुटबॉल संपले. त्यांचा हा कळवळा खरा आहे. धेंपोने राष्ट्रीय साखळीची पाच विजेतेपदे मिळवली, साळगावकरने 1998-99 आणि 2010-11 मध्ये आणि चर्चिल ब्रदर्सने 2008-09 आणि 2012-13 मध्ये देशात पहिला क्रमांक पटकावला. एवढ्याशा राज्याने देशाच्या फुटबॉलवर असे वर्चस्व गाजवले होते. 2016 साली महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या गोमंतकीय मुलांच्या जागा एका फटक्यात कमी झाल्या. ही जबाबदारी कुणाची, याची चर्चा झालीच पाहिजे. पण एफसी गोवा गेल्या सहा सामन्यांत का हरला, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. दोन्ही प्रश्न एकत्र कालवले की वडीलधाऱ्यांनाही उत्तर मिळत नाही आणि तरुणांनाही. म्हणून त्यांना मान देऊन म्हणावे, “काका, तुमचा प्रश्न मोठा आहे, त्यासाठी वेगळे बसू, आज एवढ्या सहा सामन्यांचे बघूया.” माझ्या अनुभवात ते ऐकतात, आणि वेगळे बसण्याची आठवणही तेच करून देतात.

बोलताना काय पाळावे

जे वाक्य त्या माणसाच्या तोंडावर बोलता येणार नाही ते त्याच्या पाठीमागेही बोलू नये. ‘प्रशिक्षक बिनकामाचा आहे’ याऐवजी ‘सहांपैकी चार सामन्यांत आपण आघाडीवर असताना 70व्या मिनिटानंतर गोल खाल्ला आणि त्या चारही वेळी पहिला बदल 80व्या मिनिटानंतर झाला’ असे म्हणावे. असे बोलल्यावर समोरच्याला वही उघडून उत्तर द्यावे लागते. पैसे खाऊन सामना सोडला, असा आरोप पुरावा नसताना कधीही करू नये. तो चेष्टेत केला तरी खेळाडूला जन्मभर चिकटतो. खेळाडूच्या घरच्यांना, गावाला, धर्माला आणि तो गोमंतकीय आहे की बाहेरचा, या गोष्टींना वादात आणू नये.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. आमच्या गावच्या क्लबाचा एक डावा बचावपटू एका सामन्यात उत्तरार्धात अक्षरशः चालत होता. मी रेषेजवळ उभा राहून त्याला नाही नाही ते बोललो आणि त्याने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी कळले की तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता आणि चार तासही न झोपता मैदानात उतरला होता. सामन्याच्या आदल्या रात्री त्याला सवलत मिळावी म्हणून क्लबाच्या समितीने कंपनीला एक पत्र द्यायचे ठरले होते. ते पत्र कुणी लिहिलेच नव्हते. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो “असू दे” एवढेच म्हणाला आणि त्याच्या आईने मला चहा दिला.

त्यानंतरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तो विषय लेखी मांडला. गावच्या क्लबाच्या सभासदांना ही सोय असते आणि ती वापरावी. प्रश्न आधी लिहून द्यावा, एका पत्रात एकच प्रश्न असावा, त्यात तारीख आणि सामना नमूद करावा आणि ‘जबाबदार कोण’ असे विचारण्याऐवजी ‘हे काम कुणाकडे दिले होते आणि पुढे कुणाकडे असेल’ असे विचारावे. आमच्याकडे त्या दिवसापासून पत्रांचे काम एका सभासदाच्या नावावर आहे. मोठ्या क्लबाच्या चाहत्यांना अशी सभा मिळत नाही. त्यांनी चाहत्यांच्या संघटनेमार्फत याच पद्धतीने लेखी विचारणा करावी आणि उत्तराला मुदत द्यावी.

शेवटी, आपला निवाडा वहीत तारीख घालून लिहून ठेवावा आणि दहा सामन्यांनी पुन्हा वाचावा. मामांच्या वहीत त्या कॉर्नरच्या गोलासमोर ‘गो. र.’ असे आधी लिहिलेले आहे, ते एका रेघेने खोडले आहे आणि पुढे ‘मागचा खांब, माणूस नाही, 76 मि. बदल’ अशी नोंद आहे. ती त्यांनी क्लबाच्या प्रशिक्षकाला दाखवली होती. आता आमच्या क्लबाचा बदली खेळाडू रेषेबाहेर उभा असतो तेव्हा कर्णधार धावत त्याच्यापर्यंत येतो, प्रतिस्पर्ध्याच्या एका खेळाडूकडे बोट दाखवतो आणि त्याने मान हलवल्यावरच त्याला आत येऊ देतो.